नाकारलेल्या पेन्शनचा पाठपुरावा

सैन्यभरतीत १,६०० मीटर धावून आलेल्या मुलाची पुढे डोक्यापासून तळपायापर्यंत तपासणी होते. गुडघे एकमेकांना लागतात का, तळवे सपाट आहेत का, कानाचा पडदा शाबूत आहे का, डोळ्यांना रंग नीट ओळखता येतात का, असे एकेक पाहिले जाते. किरकोळ उणीव निघाली तरी मुलगा गावी परततो. त्यातून जो पार पडतो त्याच्या कागदावर सैन्याचा डॉक्टर सही करतो, की हा तरुण सेवेसाठी पूर्ण निरोगी आहे. आठ, दहा किंवा अठरा वर्षांनी त्याच सैन्याचा दुसरा डॉक्टर दुसऱ्या कागदावर लिहितो, की या जवानाचा आजार मुळातच त्याच्या प्रकृतीत होता, सैन्यसेवेशी त्याचा संबंध नाही. हे दोन्ही कागद एकाच वेळी खरे कसे ठरतील? अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या, म्हणजे फौजी ज्याला डिसॅबिलिटी पेन्शन म्हणतात तिच्या, बहुतेक फेटाळलेल्या दाव्यांच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. पुढील पानांचा विषयही तोच आहे, जालना जिल्ह्यातल्या जवानाच्या संदर्भात.

नियम वाचायला सोपा आहे. सेनेच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन नियमावलीतला १७३ वा नियम दोन अटी घालतो. अपंगत्व सैन्यसेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे, आणि त्याचे प्रमाण २० टक्के किंवा त्याहून अधिक असावे. दोन्ही बाबतींत मत देते मेडिकल बोर्ड. आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, असा शेरा अहवालात पडला की दावा फेटाळल्याचे पत्र निघते. त्यात कारण बहुधा एका ओळीत उरकलेले असते. सहा महिन्यांत अपील करता येईल, हेही त्यात लिहिलेले असते. पण पत्र इंग्रजीत, भाषा कार्यालयीन, आणि ते हातात पडते नुकतीच नोकरी गमावलेल्या, औषधपाण्यात गुंतलेल्या माणसाच्या. अनेकांना तो सरकारचा शेवटचा शब्द वाटतो. ते पत्र घडी घालून डिस्चार्ज बुकात ठेवले जाते आणि सहा महिने निघून जातात.

धरमवीर सिंह यांनी ते पत्र घडी घालून ठेवले नाही. १५ जून १९८५ रोजी ते कोअर ऑफ सिग्नल्समध्ये शिपाई म्हणून भरती झाले. भरतीच्या कागदांत कोणत्याही आजाराची नोंद नव्हती. सेवेत असताना त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले आणि १ एप्रिल १९९४ रोजी त्यांना वैद्यकीय कारणावरून सेवामुक्त करण्यात आले. फौजेत याला 'बोर्ड आउट' म्हणतात. बोर्डाने अपंगत्व २० टक्के ठरवले, म्हणजे दुसरी अट पुरी झाली. मात्र आजार प्रकृतिगत आहे, सेवेशी संबंधित नाही, असेही लिहिले. तसे का वाटले, हे लिहिले नाही. पेन्शन नाकारली गेली, अपिलेही फेटाळली गेली. उच्च न्यायालयात एकल न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो खंडपीठाने उलटवला. अखेर २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पेन्शन मंजूर केली. नोकरी नऊ वर्षांची झाली, तिच्यापायी आलेल्या अपंगत्वाच्या पेन्शनसाठीची झुंज एकोणीस वर्षांची.

त्या निकालात नवा कायदा घडवलेला नाही, आणि त्याचे मोल त्यातच आहे. १९८२ सालापासून छापील असलेल्या पात्रता नियमांचा अर्थ न्यायालयाने फक्त स्पष्ट मांडला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक त्या वेळी निरोगी होता असे गृहीत धरायचे. पुढे प्रकृती ढासळली तर ती सेवेमुळे ढासळली असेही गृहीत धरायचे. हा आजार भरतीच्या तपासणीत कळणे शक्य नव्हते, असे बोर्डाचे म्हणणे असेल तर त्याने कारणे लिहिली पाहिजेत. पुराव्याचे ओझे सैनिकावर नाही, सरकारवर आहे. रास्त शंकेचा फायदाही सैनिकाला मिळायला हवा. हे सगळे १९९४ मध्ये, धरमवीर सिंह यांचा दावा पहिल्यांदा टेबलावर आला तेव्हाही, नियमांत होते. ते त्या टेबलावरच्या कोणी वाचले असते, तर एका आजारी शिपायाला दिल्लीपर्यंत जावे लागले नसते.

संशयाचा फायदा सैनिकाला देण्याचे हे तत्त्व कोठून आले, याचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. जालन्याच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी खटला चालवणारा वकील 'वाजवी संशयापलीकडे' या कसोटीसाठी १९४७ च्या एका इंग्रजी निवाड्याचा दाखला देतो: मिलर विरुद्ध पेन्शनमंत्री. नावातच सारे आहे. तो खून-दरोड्याचा खटला नव्हताच. अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेलेल्या एका सैनिकाच्या विधवेने पेन्शनसाठी केलेले ते अपील होते, आणि न्यायमूर्ती डेनिंग यांनी त्या निमित्ताने पुराव्याच्या दोन मोजपट्ट्या समजावून सांगितल्या. त्या बाईंचे अपील फेटाळले गेले. पण सैनिकाच्या पेन्शनच्या भांडणातून निघालेला तो युक्तिवाद आज भारतातल्या हजारो आरोपींच्या कामी येतो. ज्या सैनिकांसाठी तो मुळात मांडला गेला, त्यांच्यापर्यंत तो पोचावा एवढी अपेक्षा गैर नाही.

२०१३ नंतर निकालांची रांग लागली. २०१४ मध्ये सुखविंदर सिंह यांच्या प्रकरणात बोर्डाने अपंगत्व २० टक्क्यांहून कमी धरले होते आणि तरीही त्यांना बोर्ड आउट केले होते. सर्वोच्च न्यायालयाने विचारलेला प्रश्न रोखठोक होता. अपंगत्व इतके किरकोळ होते तर नोकरीवरून काढले कशासाठी? ज्या अपंगत्वापायी सैनिकाला घरी पाठवले जाते ते २० टक्क्यांहून अधिकच मानले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठापुढे सियाचिनला तैनात राहिलेल्या एका जवानाचे प्रकरण आले. तो १९८५ मध्ये भरती झाला होता आणि झटके येऊ लागल्यामुळे १९८९ मध्ये बाहेर पडला होता. त्याला पेन्शन मिळाली, पण निकालाच्या वेळी त्या गोष्टीला छत्तीस वर्षे झाली होती.

अर्थात प्रत्येक दावा जिंकतो असे सांगणे ही फसवणूक ठरेल. २०१९ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन नाकारली, कारण असा मानसिक आजार भरतीच्या तपासणीत उघड होणे अवघड असते आणि त्या बोर्डाच्या मतात हस्तक्षेप करण्याजोगे काही न्यायालयाला दिसले नाही. रजेवरच्या अपघातांबाबत तर फार सांभाळून राहावे लागते. सुट्टीवरून परतताना किंवा घरी जाताना प्रवासात अपघात झाला तर दावा टिकू शकतो. १९९९ मध्ये मदनसिंह शेखावत यांना न्याय मिळाला तो याच मुद्द्यावर. रजेवर असताना रेल्वेतून उतरताना अपघात होऊन त्यांना हात गमवावा लागला होता, आणि तिकीट स्वखर्चाचे होते म्हणून त्यांची पेन्शन अडवली होती. मात्र एखादा जवान घरी पोचल्यावर खासगी कामाला स्कूटरवरून निघाला आणि पडला, तर त्या दुखापतीचा सेवेशी संबंध नाही, असे न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. जालन्याच्या जवानाच्या बाबतीत हा फरक कागदी राहत नाही. वार्षिक रजा घेऊन तो येतो तो सोंगणीच्या किंवा पेरणीच्या दिवसांत. मळणीयंत्रात अडकलेल्या बोटांसाठी ही पेन्शन मिळत नाही, हे त्याला कोणीतरी आधीच सांगितले पाहिजे.

आता पैशांचे. शंभर टक्के अपंगत्वासाठी अपंगत्वाचा हिस्सा शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो. शेवटचा पगार ३०,००० रुपये असेल तर शंभर टक्क्यांना ९,००० रुपये आणि २० टक्क्यांना १,८०० रुपये. पाचव्या वेतन आयोगानंतर १ जानेवारी १९९६ पासून आकडा वरच्या टप्प्याला नेण्याची तरतूद झाली. पन्नासपेक्षा कमी ते पन्नास, त्यावरचे पंचाहत्तर, आणि पंचाहत्तरच्या वरचे शंभर. म्हणजे त्या १,८०० चे ४,५०० होतात. हा लाभ फक्त बोर्ड आउट झालेल्यांना आहे, मुदत संपवून निवृत्त झालेल्यांना नाही, अशी सरकारची भूमिका होती. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार यांच्या खटल्यात ती मोडून निघाली. शिवाय बोर्ड आउट झालेल्याचे अपंगत्व सेवेमुळे आले असे ठरले, तर अपंगत्वाच्या हिश्शाखेरीज सेवेचा हिस्साही मिळतो, आणि त्यासाठी पंधरा वर्षांची नोकरी झालेली असण्याची अट नाही. नऊ वर्षांवर घरी आलेल्या माणसाचे सारे गणित त्या एका शेऱ्यावर उभे असते ते यामुळे.

जालना जिल्ह्याचे नाव लष्करी इतिहासात आहे. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आजच्या याच जिल्ह्यात झाली. जालना शहरात पुढे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पण छावणी असणे वेगळे आणि गावोगाव फौजी असणे वेगळे. साताऱ्यात अपशिंग्यासारख्या गावाला 'मिलिटरी' हे नाव चिकटले आहे. तिथे पारावर बसलेला एखादा निवृत्त सुभेदार अपिलाचा मसुदा तोंडपाठ सांगू शकतो. निजामाच्या राज्यातून आलेल्या आणि १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेल्या जालन्यात ही परंपरा तेवढी दाट नाही. मंठा किंवा जाफराबाद तालुक्यातल्या एखाद्या वाडीत बोर्ड आउट होऊन आलेला जवान गावातला एकटाच फौजी असू शकतो. बियाणे, मोसंबी आणि पोलाद यांचा हा जिल्हा. कर्जाच्या कागदांची माहिती इथे दहाजणांना असते, मेडिकल बोर्डाच्या कागदांची एखाद्यालाही नसते. कायदा सैनिकाच्या बाजूने उभा असूनही दावे हरतात, ते या ठिकाणी हरतात. न्यायालयात पोचण्याआधीच.

वाट लांब आहे, पण तिच्यावर पाट्या आहेत. पहिले अपील सहा महिन्यांच्या आत रेकॉर्ड ऑफिसमार्फत अपील समितीकडे जाते. तेही फेटाळले गेले तर दुसऱ्या अपिलासाठी पुन्हा सहा महिने. रेकॉर्ड ऑफिस कोणते, हे पलटणीवर अवलंबून असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, सिग्नल्सचे जबलपूरला. पेन्शनचा आदेश काढणारे कार्यालय प्रयागराजला. जालन्याच्या माणसाला प्रत्येक कागदासाठी या ठिकाणी जावे लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मार्गदर्शन करते आणि पत्रव्यवहारात मदत करते. तिथे बहुतेक लोक जातात ते ओळखपत्रासाठी, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा वसतिगृहासाठी. फेटाळलेल्या दाव्याचे पत्र घेऊनही तिथे जाता येते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

अपिलांनी काम झाले नाही तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि ऑगस्ट २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. निवृत्त सैनिकाला राहत्या भागातल्या खंडपीठाकडे अर्ज करता येतो; जालन्यासाठी ते मुंबईचे. अपिलावर सहा महिन्यांत उत्तरच आले नाही, तरी थेट न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुभा कायदा देतो. तिथून पुढे उच्च न्यायालयाचे दार मध्यंतरी जवळजवळ बंद झाले होते. मार्च २०२३ मध्ये परशोतम दास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उघडले. वकिलाच्या खर्चाची धास्ती अनेकांना थांबवते. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे १२ वे कलम महिलांना, अपंग व्यक्तींना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देते. बोर्ड आउट झालेले अनेक जवान आणि सैनिकांच्या साऱ्या विधवा या यादीत बसतात. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जवानांच्या कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली, ती सैनिक कल्याण मंडळांतून कायदेशीर मदत देण्यासाठीच.

सरकारच्या बाजूचेही ऐकायला हवे. मधुमेह, रक्तदाब यांसारखे आजार सैन्याबाहेरही होतात, आणि निवृत्तीच्या तोंडावर त्यांचा लाभ उठवणारे काही असतात, अशी संरक्षण मंत्रालयाची तक्रार आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून लागू झालेले नवे पात्रता नियम त्या चिंतेतून आले. गैरफायदा घेणारा सापडला तर त्याला रोखलेच पाहिजे. मात्र त्या संशयाचा भार कोणावर पडतो, हेही पाहावे लागेल. २७ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने गवस यांच्या खटल्यात हाच मुद्दा तपासला. गवस हे १९८५ मध्ये भरती होऊन २०१५ मध्ये मधुमेहासह निवृत्त झालेले सुभेदार. न्यायाधिकरणाने त्यांना दिलेली पेन्शन केंद्र सरकारला मान्य नव्हती. शांतता क्षेत्रात नेमणूक असताना आजार उघड झाला, एवढ्यावर तो सेवेशी संबंधित नाही असे म्हणता येणार नाही. बोर्डाने आजाराचे दुसरे कारण दाखवले पाहिजे, असे सांगून न्यायालयाने सरकारची याचिका फेटाळली.

इथे एक वस्तुस्थिती अस्वस्थ करणारी आहे. सैनिक जिंकल्यावरही खटला संपत नाही, सरकार वरच्या न्यायालयात जाते. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी हा खटल्यांचा पसारा कमी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली. समितीत निवृत्त सेनाधिकारी होते, सैन्यविषयक कायद्याचे जाणकार होते, आणि कारगिलमध्ये पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंह होते. मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या अपिलांपैकी मोठा भाग अपंगत्वाच्या पेन्शनविरुद्धच आहे, असे त्या समितीने नोंदवले. अपंग सैनिकाला न्यायालयात खेचण्यावर देशाने खर्च करू नये, हे सांगण्यासाठी समिती नेमावी लागली, आणि दहा वर्षांनंतरही गवस यांच्यासारख्यांविरुद्ध याचिका दाखल होतच होत्या.

हा विषय येत्या काळात जालन्यातल्या आणखी तरुण घरांत शिरणार आहे. जून २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आलेल्या अग्निवीराला एकरकमी सानुग्रह अनुदान मिळते: शंभर टक्क्यांना ४४ लाख, पंचाहत्तरला २५ लाख, पन्नासला १५ लाख. तिथेही दार उघडते ते त्याच किल्लीने. अपंगत्व सेवेमुळे आले की नाही, हे मेडिकल बोर्ड सांगणार. चार वर्षांनी परतणाऱ्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाकडे त्या शेऱ्याविरुद्ध बोलायला जुन्या सुभेदाराचा अनुभव असणार नाही.

उशीर झालेल्यांनी काय करावे, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून अन्याय चालूच राहतो, असे २००८ मध्ये तरसेम सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मानले. ते १९८३ मध्ये बाहेर पडले होते आणि १९९९ मध्ये न्यायालयात गेले होते. त्यांचा हक्क उशिरामुळे बुडाला नाही, पण थकबाकी मात्र न्यायालयात जाण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळाली. सोळा वर्षांपैकी तेरा वर्षांची रक्कम गेली. त्याहून मोठा धोका कागदांचा आहे. पेन्शन नसलेल्या सैनिकाचे सेवाकागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात. आणि २००८ च्या पात्रता नियमांनुसार सेवा सुटल्यावर पंधरा वर्षांनी दावा केला व तोवर कागद नष्ट झालेले असले, तर पुराव्याचे ओझे सरकारवरून उतरून सैनिकावर येते. धरमवीर सिंह ज्या नियमाच्या बळावर जिंकले, तो नियम अशा वेळी हातचा जातो.

म्हणून अपिलाचा मसुदा, वकील, न्यायाधिकरण या सगळ्याच्या आधी एक काम करायचे असते. मेडिकल बोर्डाच्या संपूर्ण कार्यवाहीची, भरतीच्या वैद्यकीय तपासणीची आणि दुखापत झाली असल्यास तिच्या अहवालाची प्रत आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागवायची. माहितीच्या अधिकाराखाली त्याची फी दहा रुपये आहे, पोस्टल ऑर्डरने भरता येते, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. जवान हयात नसेल तर त्याच्या पत्नीने तोच अर्ज करावा. पतीच्या हयातीतली थकबाकी मागण्याचा हक्क तिला आहे. अर्ज कसा लिहायचा, कोणत्या पलटणीचा कागद कोणत्या पत्त्यावर मागायचा आणि आलेल्या अहवालात कोणत्या रकान्यात काय शोधायचे, हे पहिल्या प्रकरणात दिले आहे.